धक्क्यावरची बोली आणि धक्क्यामागची भाषा

पश्चिम हिंदी महासागरात सहलीची जहाजे ज्या बंदरांना लागतात ती थोडी आणि बहुधा ठरलेली असतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोम्बासा व झांझिबार, आत समुद्रात सेशेल्स बेटांवरील व्हिक्टोरिया, आणि दक्षिणेस रियुनियन व मॉरिशस. जहाज सकाळी धक्क्यास लागते. उतारू किल्ला पाहतात, बाजारातून फिरतात, समुद्रकाठी घटकाभर बसतात आणि दिवेलागणीच्या सुमारास जहाजावर परततात. एवढ्या वेळात स्थानिक भाषा कानांवर पडतेच, आणि तिच्याविषयी मतही बनते. हे मत बहुधा दोन ठराविक प्रकारांचे असते. स्वाहिली ही अरबी आणि आफ्रिकी बोलींची खिचडी आहे, हा पहिला प्रकार. मॉरिशस, रियुनियन व सेशेल्स येथील क्रिओल म्हणजे मोडकी फ्रेंच होय, हा दुसरा. प्रवासवर्णनांतून ही मते इतक्या वेळा आलेली आहेत की, भाषाशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केलेले विद्यार्थीही ती कधीकधी निःशंकपणे उच्चारतात.

दोन्ही मते चुकीची आहेत. परंतु त्यांच्या चुकीची कारणे एक नाहीत. बंदरात भाषांचा संकर होतो या ढोबळ विधानाखाली निदान तीन निरनिराळे इतिहास झाकले जातात. व्यापाराने एखाद्या भाषेचा शब्दसंग्रह पालटतो आणि व्याकरण अबाधित राहते, हा एक. गुलामगिरीने माणसे आपापल्या भाषांपासून तोडली जातात आणि त्यांच्या मुलांच्या तोंडी नवीच भाषा घडते, हा दुसरा. करारबद्ध मजुरांचे तांडे नव्या भूमीवर येतात, आणि तेथे आधीच घडलेली भाषा काही पिढ्यांत त्यांना आपलीशी करून घेते, हा तिसरा. वर सांगितलेल्या सागरी मार्गावर हे तिन्ही इतिहास थोड्या दिवसांच्या अंतराने भेटतात. म्हणून अभ्यासकाच्या दृष्टीने हा मार्ग मोलाचा आहे.

मोम्बासाच्या धक्क्यावर उतारूच्या कानी पडणारा पहिला शब्द बहुधा ‘जाम्बो’ असतो. मार्गदर्शक पुस्तकांत त्याचा अर्थ ‘नमस्कार’ असा दिलेला असतो. वस्तुतः ‘जाम्बो’ म्हणजे बाब, गोष्ट, प्रकरण. किनाऱ्यावरील माणसे आपसांत बोलताना ‘हुजाम्बो’ असे विचारतात व ‘सिजाम्बो’ असे उत्तर देतात. ‘हु’ हा द्वितीय पुरुषी एकवचनी नकारदर्शक उपसर्ग आणि ‘सि’ हा प्रथम पुरुषी. ‘तुझ्यामागे काही बाब नाही ना?’ आणि ‘माझ्यामागे काही बाब नाही’ असा या देवघेवीचा शब्दशः आशय आहे. अनेकांना उद्देशून बोलताना ‘हाम्जाम्बो’ आणि ‘हातुजाम्बो’ ही रूपे येतात. वडीलधाऱ्या माणसाला ‘शिकामू’ असे अभिवादन करतात आणि तो ‘माराहाबा’ म्हणून त्याचा स्वीकार करतो. परक्या माणसाला यांतले काही येणार नाही, हे धक्क्यावरील विक्रेता व वाटाड्या जाणून असतात. ते त्याच्यासाठी उपसर्ग खुडून नुसता ‘जाम्बो’ शिल्लक ठेवतात. परक्याशी बोलताना स्वतःची भाषा अशी सोलून देण्याची सवय जगात सर्वत्र आढळते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९७१ च्या आपल्या लेखात तिचा शास्त्रीय विचार केला व लहान मुलांशी बोलण्याच्या भाषेशी तिची तुलना केली. मराठी माणूस परप्रांतीय पाहुण्याशी बोलताना लिंगवचनांची जी मोडतोड करतो ती याच जातीची आहे. उतारू मात्र हा सोललेला नमुनाच भाषा समजतो आणि ‘या भाषेला व्याकरण असे फारसे नाही’ हा निष्कर्ष घेऊन जहाजावर चढतो.

वेळ विचारली असता तर गोंधळ ठरलेलाच. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे पहिला तास, अर्थात जहाजावरच्या घड्याळाने सकाळचे सात. आणि ‘सा ताटू’ म्हणजे तिसरा तास, म्हणजे नऊ. विषुववृत्ताच्या लगत दिवस व रात्र वर्षभर जवळजवळ सारखीच असल्याने ही पद्धत तेथे सोयीची आहे, आणि प्रहर-घटकांचा हिशेब ज्यांच्या आज्या-पणज्यांनी केला त्यांना ती विचित्र वाटण्याचे कारण नाही.

आता खिचडीच्या आक्षेपाकडे वळावयाचे. स्वाहिलीत परके शब्द विपुल आहेत याबद्दल वाद नाही. ‘स्वाहिली’ हे नावच अरबी ‘सवाहिल’ म्हणजे ‘किनारे’ या अनेकवचनी शब्दावरून आले आहे. इब्न बतूता इ. स. १३३१ मध्ये मोम्बासा व किल्वा येथे गेला, तेव्हा या किनाऱ्याचा अरबस्तान व इराणशी व्यापार जुना झालेला होता. वर्षातील काही महिने ईशान्येचा वारा गलबते आफ्रिकेकडे नेई आणि नंतर नैर्ऋत्येचा वारा ती परत आणी. पहिल्या वाऱ्याला स्वाहिलीत ‘कास्काझी’ म्हणतात व दुसऱ्याला ‘कुसी’. ऋतूला शब्द आहे ‘म्सिमू’; तो अरबी ‘मौसिम’चा अवतार असून मराठीतील ‘मोसम’ व ‘मोसमी वारे’ त्याच घराण्यातले होत. नौकानयनाचे शब्द पाहावे तर कोकणच्या किनाऱ्यावरील वाचकास ओळखीच्या माणसांत आल्यासारखे वाटते. बंदर म्हणजे ‘बांदारी’, नाखवा म्हणजे ‘नाहोधा’, सुकाणू म्हणजे ‘उसुकानी’. हे शब्द मराठीतून तेथे गेले नाहीत किंवा तेथून मराठीत आले नाहीत. अरबी व फारसी बोलणारे नाविक आणि व्यापारी ज्या ज्या किनाऱ्याला लागले तेथे तेथे ते उतरले. समुद्राच्या दोन कडांना राहणाऱ्या भाषांनी ते स्वतंत्रपणे घेतले.

पोर्तुगीजांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक गमतीने प्रत्ययास येते. वास्को द गामा १४९८ मध्ये मालिंदीहून कालिकतकडे वळला. मोम्बासाचा फोर्ट जीझस हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ या काळात बांधला. पेअर या फळाचे पोर्तुगीज नाव पूर्व आफ्रिकेत ‘पेरा’ झाले आणि मराठीत ‘पेरू’; आणि दोन्हीकडे ते मूळ फळाला न चिकटता त्याच दुसऱ्या फळाला, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या जांबाला, चिकटले. मेजाला स्वाहिलीत ‘मेझा’ म्हणतात. तुरुंगाला शब्द आहे ‘गेरेझा’, आणि त्याचे मूळ पोर्तुगीज ‘इग्रेझा’ म्हणजे चर्च हे मानले जाते. किल्ल्याच्या एकाच तटबंदीत प्रार्थनामंदिर आणि कैद्यांची कोठडी दोन्ही असत; बाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्यांपैकी कोणती वास्तू अधिक महत्त्वाची वाटली, हे या अर्थांतरावरून दिसते. (ब्रिटिश अमदानीत १८९५ पासून १९५८ पर्यंत फोर्ट जीझसचा उपयोग खरोखरच तुरुंग म्हणून होत होता, शब्द त्याहून जुना आहे.) मराठीने आपला ‘तुरुंग’ही पोर्तुगीजांकडूनच घेतला, पण ‘त्रोंकु’ म्हणजे ओंडका, पायात अडकवावयाचा खोडा, या शब्दावरून.

शब्द परके असले म्हणून भाषा परकी ठरत नाही. याचा निर्णय व्याकरणाने होतो, आणि त्याचे एक उत्कृष्ट उदाहरण ‘किताबु’ या शब्दात आहे. अरबी ‘किताब’ स्वाहिलीत गेला. स्वाहिली ही बांटू कुळातील भाषा. या कुळात नामांचे वर्ग असतात आणि वर्ग शब्दाच्या आरंभीच्या उपसर्गावरून कळतो. ‘म्तु’ म्हणजे माणूस, ‘वातु’ माणसे. वस्तुवाचक नामांच्या एका मोठ्या वर्गात एकवचनी ‘कि’ आणि अनेकवचनी ‘वि’ येतो. अरबी शब्दातील पहिले अक्षर योगायोगाने ‘कि’ होते. स्वाहिली बोलणाऱ्याने ते उपसर्ग मानले आणि पुस्तकांसाठी ‘विताबु’ हे रूप तयार केले. एवढ्यावर काम संपत नाही. विशेषणालाही नामाच्या वर्गाप्रमाणे उपसर्ग घ्यावा लागतो. ‘किताबु किझुरी’ म्हणजे चांगले पुस्तक, ‘विताबु विझुरी’ म्हणजे चांगली पुस्तके, ‘म्तु म्झुरी’ म्हणजे चांगला माणूस, ‘वातु वाझुरी’ म्हणजे चांगली माणसे. ज्या भाषेचे व्याकरण पाहुण्या शब्दाची इतकी कडक झडती घेऊन त्याला घरचा पोशाख चढविते, तिला खिचडी म्हणणे म्हणजे ‘सरकार’, ‘बाजार’, ‘हजर’, ‘मालक’ या शब्दांमुळे मराठीला फारसीची बोली म्हणण्यासारखे आहे. शिवकालात राज्यव्यवहारकोश तयार करून फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचविण्यात आले ते शब्दांचा भार वाढला होता म्हणून. मराठीचा विभक्तिप्रत्यय किंवा क्रियापदाची रूपे त्या काळीही फारसी झाली नव्हती.

उतारूला व्याकरणाचा हा पोलादी सांगाडा पाहावयाचा असेल तर फार लांब जाण्याचेही कारण नाही. स्थळनामांच्या पाट्या पुरेत. मोम्बासाचे मोठे बंदर किलिंदिनी. ‘किलिंदी’ म्हणजे खोल पाणी, आणि ‘नी’ हा अधिकरणाचा प्रत्यय. म्हणजे ‘खोल पाण्याच्या ठिकाणी’. झांझिबारमध्ये समुद्रासमोरच्या ज्या बागेत संध्याकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात तिचे नाव फोरोधानी. ‘फोरोधा’ हा जकातीचा अरबी शब्द. त्याला ‘नी’ लागला की ‘जकातीच्या नाक्यावर’. परका शब्द पुढे आणि घरचा प्रत्यय मागे: मराठीतील ‘बाजारात’ या रूपाची हीच घडण आहे.

स्वाहिलीचे लिखित वाङ्मयही अर्वाचीन नव्हे. अरबी लिपीत लिहिलेले ‘उतेंदी वा तांबुका’ हे दीर्घकाव्य १७२८ मधले आहे. पुढे १९२८ मध्ये मोम्बासा येथे भरलेल्या परिषदेत प्रमाणभाषेसाठी मोम्बासाची किम्विता बाजूस सारून झांझिबारची किउंगुजा ही बोली निवडण्यात आली, आणि १९३० पासून एका आंतरप्रांतीय समितीने शब्द व लेखन ठरविण्याचे काम हाती घेतले. जुन्या काव्यपरंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या मोम्बासाकरांस ही निवड रुचली नाही, हे स्वाभाविकच होते. २०१० च्या केनियाच्या राज्यघटनेने स्वाहिलीला राष्ट्रभाषेचा व इंग्रजीबरोबर राजभाषेचा दर्जा दिला. स्वाहिलीची खरोखर मोडकी रूपे झाली ती किनाऱ्यापासून दूर, आतल्या प्रदेशात: गोऱ्या मळेवाल्यांची ‘किसेट्ला’ आणि वसाहती फौजेतील बोली. म्हणजे ज्या बंदराला संकराचे माहेर समजतात तेथेच भाषा सर्वांत सुघटित राहिली.

आफ्रिकेचा किनारा मागे टाकून जहाज पूर्वेकडे वळले म्हणजे इतिहास सर्वस्वी बदलतो. मॉरिशस, रियुनियन आणि सेशेल्स या बेटांवर युरोपीय येण्यापूर्वी कायमची मनुष्यवस्ती नव्हती. म्हणजे पाहुण्याला वठणीवर आणील अशी घरची भाषाच तेथे नव्हती. रियुनियनची, म्हणजे तेव्हाच्या बूर्बोंची, फ्रेंच वसाहत १६६५ पासूनची. मॉरिशसवर डचांनी १६३८ मध्ये वस्ती केली व १७१० मध्ये बेट सोडून दिले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्याचा ताबा घेतला आणि १७२१ मध्ये तेथे वसाहत सुरू झाली. १७३५ पासून लाबूर्दोने या गव्हर्नराच्या हाती कारभार आल्यावर पोर्ट लुईचे बंदर उभे राहिले. गुलाम आणले गेले ते मादागास्कर, मोझांबिक व पूर्व आफ्रिकेतून, काही पश्चिम आफ्रिकेतून आणि काही भारतातूनही. थोड्याच वर्षांत त्यांची संख्या गोऱ्यांच्या कितीतरी पट झाली. परस्परांची भाषा न समजणाऱ्या या माणसांना समान अशी एकच गोष्ट होती: मळ्यावर व धक्क्यावर कानी पडणारी, खलाशांची आणि मुकादमांची तुटक फ्रेंच. तिच्यातून मॉरिशसची क्रिओल घडली.

येथे नेमकी ‘किताबु’च्या उलट घटना आढळते, आणि ती विद्यार्थ्यांनी शेजारी मांडून पाहावी. (पुढील उदाहरणांतील ‘झ’ हा ‘झरा’ या शब्दातल्यासारखा दंत्य समजावा.) फ्रेंचमध्ये घर, झोपडी या अर्थी ‘काझ’ हे नाम व त्यामागे ‘ला’ हे उपपद. क्रिओलमध्ये घर म्हणजे ‘लाकाझ’. उपपद नामात विरघळून गेले आहे. पाणी म्हणजे ‘दिलो’, तांदूळ वा भात म्हणजे ‘दिरी’. या दोहोंच्या आरंभी फ्रेंचमधील अंशवाचक उपपद आहे. ‘मूल’ या अर्थाच्या ‘झांफां’ शब्दातला ‘झ’ हा फ्रेंच अनेकवचनी उपपदाचा शेवटचा ध्वनी आहे. मात्र ‘झांफां’ एकवचनी असून अनेक मुले म्हणावयाचे असल्यास ‘बान झांफां’ असे म्हणावे लागते. स्वाहिलीने जेथे उपसर्ग नव्हता तेथे तो पाहिला, क्रिओलने जेथे उपपद होते तेथे ते पाहिले नाही. पहिल्या ठिकाणी ऐकणाऱ्याजवळ स्वतःचे समर्थ व्याकरण होते आणि त्याने परक्या शब्दावर ते लादले. दुसऱ्या ठिकाणी ऐकणाऱ्याला फ्रेंचचे व्याकरण कोणी शिकविले नव्हते, आणि कानी आलेला ध्वनिसमूह हाच त्याने शब्द मानला. मराठीतील ‘आलपीन’ या शब्दात अरबी उपपद ‘अल्’ पोर्तुगीजातून येऊन असेच निपचित पडून आहे.

परंतु यावरून ‘मोडकी फ्रेंच’ हे वर्णन सिद्ध होत नाही. क्रिओलचे क्रियापद पाहावे. ‘मो पे मांझे’ म्हणजे मी खात आहे. ‘मो ती मांझे’, मी खाल्ले. ‘मो फिन मांझे’, माझे खाऊन झाले आहे. ‘मो पू मांझे’, मी खाईन. दोन निपात एकत्र येऊन ‘मो ती पे मांझे’, म्हणजे मी खात होतो, असे रूप सिद्ध होते. त्यात काळ दाखविणारा निपात आधी आणि क्रियेची अवस्था दाखविणारा नंतर, हा क्रम उलटत नाही. हे निपात फ्रेंच शब्दांचे झिजलेले तुकडे आहेत खरे, परंतु त्यांची ही व्यवस्था फ्रेंचची नव्हे. याहूनही बोलका पुरावा क्रियापदाच्या दोन रूपांचा आहे. वाक्य क्रियापदाशी संपत असेल तर ‘मो पे मांझे’. पुढे कर्म आले तर ‘मो पे मांझ दिरी’, मी भात खात आहे. अंत्य स्वर कर्मापूर्वी गळतो. अनेक क्रियापदे अशी दुहेरी रूपे बाळगतात. फ्रेंचमध्ये असा नियम नाही. म्हणून तो फ्रेंचच्या मोडतोडीतून राहून गेलेला अवशेष असू शकत नाही. नियम मोडण्याने भाषा मोडकी होते असे धरले, तर हा नवा नियम कोणी केला याचे उत्तर द्यावे लागेल. तो बेटावर जन्मलेल्या मुलांनी केला, आणि त्यांना कोणी विचारले असते तर आपण असे काही केले आहे हे त्यांना सांगता आले नसते.

शार्ल बेसाक यांनी १८८० मध्ये या भाषेवर पहिला विस्तृत ग्रंथ लिहिला. शीर्षकात तिला त्यांनी ‘पात्वा’, म्हणजे गावंढळ बोली, असेच म्हटले, तरी तिच्या वाक्यरचनेची नोंद आस्थेने केली. आधुनिक वर्णन फिलिप बेकर यांचे, १९७२ मधले. बेकर आणि रोबेर शोदांसों यांच्यात या भाषेच्या उगमाविषयी दीर्घ वाद झाला. मॉरिशसचे पहिले वसाहतकार शेजारच्या बूर्बोंहून आले, तेव्हा मॉरिशसची क्रिओल ही बूर्बोंच्या बोलीची शाखा होय, हे शोदांसों यांचे मत. ती मॉरिशसवरच स्वतंत्रपणे घडली, हे बेकर यांचे. दोन बेटांच्या आजच्या बोली तोलून पाहता बेकर यांची बाजू अधिक बळकट वाटते. ‘तो आजारी आहे’ हे मॉरिशसमध्ये ‘ली मालाद’ असे नुसते म्हटले जाते. रियुनियनमध्ये ‘ली ले मालाद’ असे, मध्ये सहायक क्रियापद ठेवून. रियुनियनवर पहिली काही दशके लहान शेतांची होती, गोरे व गुलाम संख्येने फारसे विषम नव्हते आणि जवळजवळ राहत. फ्रेंच ऐकण्याची संधी अधिक होती. मॉरिशसवर ती संधी फार लवकर संपली. दोन्ही बेटांमध्ये समुद्र जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. भाषांमधले अंतर मात्र मळ्याच्या आकाराने ठरविले. सेशेल्सची वस्ती १७७० पासूनची आणि मुख्यत्वे मॉरिशसहून गेलेली, त्यामुळे तेथील क्रिओल मॉरिशसच्या फार जवळची आहे. स्वातंत्र्य मिळाले १९७६ मध्ये, आणि १९८२ पासून प्राथमिक शिक्षणात क्रिओलला स्थान मिळाले.

रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे असलेल्या कोर्लई गावाचा येथे निर्देश केला पाहिजे. चौलच्या पोर्तुगीज ठाण्याच्या आश्रयाने तेथे पोर्तुगीज शब्दांची एक क्रिओल जन्मली. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडले तरी ती तेथील ख्रिस्ती कुटुंबांत टिकली, आणि मराठीच्या सहवासात तिने कर्म आधी व क्रियापद शेवटी ही रचना पत्करली. क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. मुंबई व पुण्याच्या विद्यार्थ्यांना क्रिओल भाषा समक्ष ऐकावयाची असेल तर आगबोटीचे तिकीट काढण्याची गरज नाही.

येथे एक शंका निघते. गुलामांचा व्यापार तर झांझिबारमध्येही होता. ओमानच्या सुलतानाने एकोणिसाव्या शतकात आपले आसन तेथे हलविले, लवंगांचे मळे वाढले, आणि बाजार १८७३ मध्ये बंद होईपर्यंत मुख्य भूमीवरून माणसे आणून विकली गेली. मग झांझिबारमध्ये क्रिओल का झाली नाही? याचे कारण दुहेरी असावे. आणलेले गुलाम बहुतांशी बांटू भाषा बोलणारे होते. नामांचे वर्ग व उपसर्ग त्यांना नवे नव्हते, आणि म्हणून स्वाहिली शिकणे त्यांना शेजारच्या प्रांताची भाषा शिकण्याइतकेच अवघड होते. शिवाय स्वाहिली ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरची भाषा आहे असा मोठा समाज तेथे आधीपासून नांदत होता. मॉरिशसवर या दोन्ही गोष्टींचा अभाव होता. तात्पर्य, गुलामगिरी हे एकटेच कारण पुरत नाही. भाषांमधील अंतर आणि ती भाषा मातृभाषा म्हणून बोलणारांचे प्रमाण हीही विचारात घ्यावी लागतात. बंदर हे स्थळ तर कारणांत येतच नाही.

पोर्ट लुई येथे उतारूची फसगत मोम्बासाच्या उलट दिशेने होते. येथे विक्रेता त्याच्याशी सोलीव क्रिओल बोलत नाही. तो फ्रेंच वा इंग्रजी बोलतो आणि उतारू निघून गेला की शेजाऱ्याकडे वळून ‘कि मान्येर?’ असे क्रिओलमध्ये विचारतो. ब्रिटिशांनी १८१० मध्ये बेट घेतले ते रहिवाशांचे कायदे व चालीरीती राखण्याच्या अटीवर; म्हणून फ्रेंचची प्रतिष्ठा इंग्रजी अमलातही टिकली. १९६८ च्या राज्यघटनेने विधिमंडळाची भाषा इंग्रजी ठरविली आणि फ्रेंच बोलण्याची मुभा ठेवली. पाहुण्यासमोर क्रिओल न काढण्याची सवय ही या क्रमवारीची खूण आहे. जिच्यात देश बोलतो ती भाषा परक्याच्या कानी सर्वांत कमी पडते.

बंदराच्या काठावरच आप्रवासी घाट आहे. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली व सुमारे ६६ हजार गुलाम मुक्त झाले. उसाच्या मळ्यांसाठी मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय उतरले. तेव्हापासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख करारबद्ध भारतीय मजूर मॉरिशसला आले. २००६ मध्ये हा घाट जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेण्यात आला. बहुसंख्य मजूर कलकत्त्याहून आलेले, भोजपुरी बोलणारे; त्यांच्याबरोबर तमिळ व तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेले, विशेषतः कोकणातले, मराठी भाषिक. १८६१ च्या शिरगणतीच्या वेळी बेटावर भारतीयांचे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक होते.

इतक्या मोठ्या संख्येने आलेल्या लोकांनी बेटाची भाषा का बदलली नाही, हा प्रश्न या इतिहासात सर्वांत रोचक आहे. सालिकोको मुफ्वेने यांनी ज्याला संस्थापकांचे तत्त्व म्हटले आहे ते येथे लागू पडते. प्रथम स्थिर झालेल्या वस्तीची भाषा नंतर येणाऱ्यांच्या तुकड्यांवर प्रभाव गाजविते, कारण प्रत्येक जहाजातली तुकडी ही आधीच्या माणसांपुढे अल्पसंख्यच असते आणि आल्या दिवसापासून तिला कामाची भाषा शिकावी लागते. त्यात भारतीयांची आपसांत एक भाषा नव्हती. मळ्यांच्या खेड्यांतून भोजपुरी ही बऱ्याच प्रमाणात समान भाषा झाली आणि काही ठिकाणी तमिळ, तेलुगू व मराठी कुटुंबांनीही ती उचलली. परंतु शहरात, बाजारात आणि पुढे शाळेच्या अंगणात क्रिओलच होती. २०११ च्या शिरगणतीत घरी क्रिओल बोलणारांचे प्रमाण सुमारे ८६ टक्के आले आणि भोजपुरीचे ५ टक्क्यांच्या आसपास उरले.

मॉरिशसच्या मराठीविषयी महाराष्ट्रात जे लिहिले जाते ते बहुधा अभिमानाच्या भरात लिहिले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. गणेशचतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुटी आहे. कोकणातील जाखडीशी नाते सांगणारी ‘झाकरी’ तेथे नाचली जाते. शाळांतून मराठी शिकवितात आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते. परंतु ‘पूर्वजांची भाषा’ आणि ‘घरची भाषा’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत; त्या बेटाच्या शिरगणतीत पूर्वजांच्या भाषेविषयी वेगळा प्रश्न विचारला जात असे, तो याच जाणिवेने. ‘मराठी’ हे उत्तर देणारे पुष्कळसे लोक ते उत्तर देण्यापूर्वी व दिल्यानंतर क्रिओलच बोलत होते. यात अप्रामाणिकपणा काही नाही. सणाची, नावाची, आरतीची भाषा म्हणून मराठी त्यांच्याजवळ आहे. भांडणाची, हिशेबाची आणि अंगाईची भाषा क्रिओल आहे. भाषा टिकली की लोपली, असा एकच प्रश्न विचारून या स्थितीचे वर्णन होत नाही.

क्रिओलचे लेखन २००४ च्या ‘ग्राफी लार्मोनी’ आणि २०११ च्या अधिकृत शुद्धलेखनाने स्थिर झाले व जानेवारी २०१२ मध्ये ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून दाखल झाली. हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू व मराठी या भाषा ज्या ऐच्छिक विषयांच्या गटात होत्या त्यातच तिला जागा देण्यात आली. परिणामी आजोबांनी कोकणातून आलेल्या पूर्वजांचे नाव सांगितलेल्या मुलाच्या पालकांना शाळेच्या अर्जावर मराठी आणि क्रिओल यांपैकी एकीपुढे खूण करावी लागते. आणि ते मूल जेथे अर्ज घेऊन उभे असते तेथे शिक्षक, पालक व मूल यांचे आपसांतले बोलणे क्रिओलमध्येच चाललेले असते.